ओळखीपुरतं लुगडं

पाटोदा,
ता. ९ जानेवारी २०२४

चि. अमरसिंह यास वनमालाआत्याचे आशीर्वाद.

तुझी आई काल परत आली, म्हणून हे पत्र. तिला तुमच्याकडच्या विमानतळावरूनच का परत पाठवलं हे विचारायला मी तीनदा फोन केला. दोनदा तू कापलास, तिसऱ्यांदा मीटिंगमध्ये असल्याचा मेसेज टाकलास. कागदाला मीटिंगचं कारण सांगता येत नाही.

दुपारी ती बीडच्या गाडीतून उतरली तेव्हा स्टँडवरच्या पोरी तोंडाला ओढण्या लावून हसत होत्या. अंगावर हिरवं नऊवारी लुगडं आणि पायांत तू पाठवलेले पांढरे बूट. चपला बॅगेत होत्या आणि बॅग कुठे आहे ते तिला ठाऊक नाही. मुंबईला कोणा भल्या माणसाने तिला गाडीत बसवून दिलं. माझ्या दारात आल्यावर तिने आधी बूट काढले आणि म्हणाली की वन्सं, झालं आमचं इमानात बसणं, आता भाकरी टाका.

तू सांगितलंस म्हणून मी तिला महिनाभर पँट आणि कोटात चालायला शिकवलं. अंगणात फेऱ्या मारताना ती म्हणायची की दोनी पाय येगळे येगळे कुणाचे तरी हायत असं वाटतंय. तरी शिकली. मुंबईच्या विमानतळावर खिडकीतल्या साहेबाने फोटो आणि कपाळावरचं गोंदण जुळवून पाहिलं आणि या मॅडम म्हणाला. ती मागे वळून बघत राहिली, हा कोणाला बोलावतो म्हणून.

पण तुमचं शहर यायच्या आधी ती विमानातल्या संडासात गेली, पँट-कोट उतरवला आणि लुगडं नेसून बाहेर आली. एवढ्याशा जागेत नऊवार कशी नेसली हे मला अजून कळलेलं नाही. का नेसली, ते सांगत नाही. यावरून मी तिला चांगलंच झाडलं आहे. तू पुन्हा झाडू नकोस.

पुढचं तिच्याच तोंडून तुकड्या-तुकड्यांनी कळलं. रांगेतल्या पँटवाल्यांचे शिक्के भराभर पडत होते. तिला पाहिल्यावर खिडकीतल्या बाईने बोट वाकवून तिला बाजूला काढलं. आतल्या खोलीत फोनवर एक दुभाष्या दिला, तो हिंदी बोलणारा. पूर्ण नाव विचारलं. ती बायनाबाई म्हणाली. पूर्ण सांगा, म्हणाले. आता तिच्या नावात मधे कोण आहे ते तुला माहीत आहे. गहिनीनाथला जाऊन सहा वर्षं झाली, तरी तिने अजून नवऱ्याचं नाव तोंडातून काढलेलं नाही. इथे बँकेतला कारकून स्वतःच वाचतो आणि ती मान हलवते. तिथे कोण वाचणार? नवऱ्याचं नाव विचारलं, ती गप्प. मुलाचं पूर्ण नाव विचारलं, तर त्यातही मधे तोच. बापू म्हणाली. बापू काय, असं विचारलं. बापूच, म्हणाली. मी तिच्याकडून पत्ता, फोन, परतीची तारीख सगळं घोकून घेतलं होतं. हे माझ्या ध्यानात आलं नाही. मी माझ्या धाकट्या भावाला जन्मभर नावानेच हाक मारत आले.

कशाला आलात, असं विचारल्यावर तिने खरं तेच सांगितलं, सुनेचं बाळंतपण करायला, घरातलं काम बघायला. दुभाष्याने त्यातलं काम तेवढं उचललं. मग त्यांनी तिचे हात उलटेपालटे करून पाहिले. टाचांच्या भेगा पाहिल्या. मालकाचं धड नाव माहीत नसलेली मोलकरीण कोणीतरी आई म्हणून आणली आहे, असं ठरलं. कासोट्यात काय लपवलंय म्हणून एका बाईने सगळं लुगडं फेडायला लावलं. आत परकर नसतो हे तिला कोण सांगणार. दार उघडं होतं. कपाळावरचे पाच ठिपके ओल्या कागदाने घासून पाहिले. निघेनात, तर आणखी जोरात घासले. तिथली साल अजून लाल आहे.

तुला त्यांनी फोन लावला होता असं ती म्हणते. लागला नसंल, म्हणते, बापू मोठ्या कामात असतो. मला हे पटत नाही. तू तिला न्यायला गेटावर आला होतास. फोन खिशातच असणार. काय झालं ते सविस्तर लिही. प्रियदर्शनीला सांग, पाय सुजत असतील तर मीठ कमी कर आणि खुर्चीवर पाय लोंबकळत ठेवून बसू नकोस.

लोभ ठेवायचा की नाही ते तुझं उत्तर वाचून ठरवीन.

तुझी आत्या,
वनमाला


ता. ३ फेब्रुवारी २०२४

ती. स्व. वनमालाआत्यांना अमरसिंहचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. अक्षर पाहिलं आणि शाळेतली तुमची छडी आठवून तळहात आपोआप पाठीमागे गेला. प्रियदर्शनी हसत होती.

आत्या, इथली रीत तुम्हाला पाटोद्यात बसून कळायची नाही. खिडकीतल्या माणसाकडे तुम्हाला बघायला अर्धं मिनिट असतं. तेवढ्यात तो माणूस बघत नाही, कपडे बघतो. मी पहिल्यांदा आलो तेव्हा आईने ओवाळून लावलेला टिळा पुसला नव्हता आणि मनगटात गडावरचा काळा गंडा होता. मला सकाळपासून दुपारपर्यंत बसवून ठेवलं. गंडा कात्रीने कापून त्याचे पीळ सोडवून पाहिले. माझ्यामागून एक कोटवाला आला, आपल्याकडचाच, त्याला वेलकम म्हणून हसून सोडलं. मी त्याच आठवड्यात कोट घेतला. तेव्हापासून मला कोणी थांबवलेलं नाही. आईला यातून जावं लागू नये म्हणूनच मी तिचे कपडे पाठवले होते. निवडायला प्रियदर्शनी तीन दुकानं हिंडली.

तुम्ही फोनचं विचारता. फोन आला होता. तुमची आई कशा कपड्यांत आहे असं त्यांनी विचारलं. जे ठरलं होतं तेच मी सांगितलं, पँट आणि निळा कोट. ते म्हणाले तशी कोणी बाई इथे नाही. मग काहीतरी गोंधळ झाला आणि फोन तुटला. यात माझं काय चुकलं? लुगडं नेसायला मी सांगितलं नव्हतं.

झालं ते झालं. प्रियदर्शनीची तारीख एप्रिलअखेरची आहे. तिच्या आईला माजलगावातून हलता येत नाही, निवडणूक तोंडावर आहे, आणि लेकीच्या बाळंतपणाने मतं मिळत नाहीत. तेव्हा आमच्या आईला पुन्हा पाठवा. वकील म्हणतो नवा अर्ज करता येईल. फक्त एक अडचण आहे. त्यांच्या नोंदीत कपाळावर हिरव्या खुणा असं लिहिलेलं आहे. संभाजीनगरला लेझरने गोंदण काढून देतात. तेवढं काढून घ्या, केस कापून घ्या आणि त्यावर नवा फोटो काढा. ती तुमचं ऐकते.

रागावू नका, पण एक लिहितो. मी शाळेसाठी तुमच्याकडे राहत होतो तेव्हा आई एकदा रानातून तशीच आली होती, पायाला शेण. पुढच्या खोलीत तुमचे शिक्षणाधिकारी बसले होते. तुम्ही तिला मागच्या दाराने आत घेतलंत. कपडे पाहून माणसाला कुठे उभं करायचं हे मी परदेशात शिकलेलो नाही.

आजवर केलीत तेवढी माया पुढेही चालू ठेवा, एवढं मागणं.

आपला,
अमरसिंह


पाटोदा,
ता. २६ फेब्रुवारी २०२४

चि. अमरसिंह यास आशीर्वाद.

मागच्या दाराचं लिहिलंस ते खरं आहे. पुढे साहेब होते, पायाला शेण होतं, तिला मागून घेतलं. घेतलं. हातपाय धुवायला पाणी दिलं, ताट वाढलं, आणि साहेबांनी आत कोण आलं असं विचारलं तेव्हा माझी भावजय असं सांगितलं. यापुढे मला शिकवताना पूर्ण गोष्ट लिहीत जा.

तुझं पत्र मी तुझ्या आईला वाचून दाखवलं. तिला वाचता येत नाही म्हणून तिच्याबद्दल लिहिलेलं काही मी गाळत नाही. गंड्याचं ऐकून ती मुसमुसली. बाकी ऐकून घेतलं. मग मी तिला पुन्हा विचारलं की बाई, चांगली पँटीत बसली होतीस, मुंबईने मॅडम म्हटलं होतं, तर लुगडं कावून नेसलीस? तेव्हा एकदाची बोलली. म्हणाली की पँटीत बापूनं मला कवा बघितलंय? गेटावर गर्दी असंल, लई बाया असतील पँटीवाल्या, तो मला वळखायचा न्हाई. मी म्हटलं, दर रविवारी तो तुला मोबाइलवर बघतो. तर म्हणाली, लुगड्यात बघतो की.

 

आता गोंदणाचं. ते निघणार नाही. ती परकरी पोर होती तेव्हा तिच्या आजीने ते गोंदवलं. गहिनीनाथ गेला त्या दिवशी बायकांनी तिचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या, गळ्यातलं काढलं. कपाळावर ते पाच ठिपके तेवढे राहिले, कारण ते पुसता येत नव्हते. मेल्यावर माणसासोबत तेवढंच येतं असं ती मानते. मी असलं काही मानत नाही. तरीही निघणार नाही. त्यातून तुझ्या वकिलाला विचार, जुन्या पासपोर्टात ठिपके आणि नव्यात नाहीत, तर त्यांना शंका जास्त येईल की कमी? एवढं शिकून तुला हे दिसू नये?

शेजारच्या आमिनाबींचा अशफाक सुटीवर आलाय. तुमच्याच शहरात एसी दुरुस्त करतो, तुला माहीत आहे. लेझरचं ऐकून तो म्हणाला की बाई, मी तर जाताना मुंबईला दाढी उतरवूनच इमानात बसतो, अम्मी म्हणती तिकडं निघाला की माझं पोरगं उपटलेल्या कोंबड्यावानी दिसतंय. आमिनाबी म्हणाल्या, खोटं हाय का? सगळे हसलो. मग तो म्हणाला, पण बाई, दाढी परत येती. कपाळाचं कातडं परत यायचं न्हाई.

तुझ्या आईने मला एवढंच विचारलं की ते काढताना दुखतं का. मी म्हटलं, दुखो न दुखो, तुला करायचं नाही. ती बरं म्हणाली.

बाळंतपणाला दुसरी सोय बघ. फोन तुटला असं लिहिलंस, पण तुटल्यावर तू पुन्हा का लावला नाहीस, ते लिहिलेलं नाही. ते आलं की मग मायेचं बघू.

तुझी आत्या,
वनमाला


ता. २० मार्च २०२४

ती. स्व. वनमालाआत्यांना प्रियदर्शनीचा शि. सा. न. वि. वि.

मी तुम्हाला पत्र लिहिते आहे हे यांना माहीत नाही. तुमचं दुसरं पत्र यांनी वाचून टेबलावर टाकलं आणि आत्या म्हातारी झाली असं म्हणाले. त्यातली लुगड्याची गोष्ट मी वाचली. तेव्हापासून मला झोप लागत नाही, आणि ते पोटातल्या बाळामुळे नाही.

आत्या, फोन तुटला नव्हता.

आम्ही दोघं विमानतळाबाहेर गाडीत बसलो होतो. फोन गाडीच्या स्पीकरवर होता, मी सगळं ऐकलं. त्यांनी आधी कपड्यांचं विचारलं, यांनी पँट आणि निळा कोट सांगितला. तो माणूस म्हणाला की इथे एक बाई आहे, अंगाला लांब हिरवं कापड गुंडाळलेलं, कपाळावर पाच हिरवे ठिपके, स्वतःचं पूर्ण नाव सांगत नाही. मी म्हणाले, अहो त्याच. यांनी हात वर करून मला गप्प केलं. त्या माणसाने सांगितलं की ही घरकामाला आणलेली बाई असावी असा आमचा संशय आहे, आणि तसं निघालं तर आणणाऱ्यावर कारवाई होईल. पुढच्या आठवड्यात यांची नागरिकत्वाची मुलाखत होती. मग त्याने सरळ विचारलं, ही बाई तुमची आहे का?

हे म्हणाले, ती आमची कोणी नाही. माझी आई पुढच्या विमानाने यायची असेल.

मग यांनीच फोन ठेवला आणि गाडी सुरू केली. मी ओरडले, रडले. हे म्हणाले की तिला काही होणार नाही, फुकट परत पाठवतील, नंतर सावकाश बोलावू. घरी येईपर्यंत रेडिओ लावून ठेवला होता.

मुलाखत चांगली झाली. शपथेच्या दिवशी यांनी कोट घातला नाही. फेटा बांधला, कोल्हापुरी, आणि फोटो सगळ्यांना पाठवला. त्याखाली लिहिलं होतं की आपली माती विसरायची नसते. तुम्हालाही आला असेल.

मी काही वेगळी नाही. कपडे मीच निवडले होते. आईंचा फोटो मी माझ्या इथल्या मैत्रिणींना कधी दाखवला नव्हता. पण मला आता भीती वाटते, आणि माझ्या आईला फोन केला तर तिच्या मागे घोषणा ऐकू येतात. आई आल्या असत्या तर बरं झालं असतं.

हे आईंना वाचून दाखवू नका. पाया पडते.

तुमची माया माझ्या वाट्याला थोडी तरी उरू दे.

तुमची,
प्रियदर्शनी


पाटोदा,
ता. १४ एप्रिल २०२४

श्री. अमरसिंह गहिनीनाथ सांगळे यांस स. न. वि. वि.

तुमच्या पत्नीचं पत्र मला मिळालं, आणि तुमच्या आईने तुम्हाला हे लिहायला सांगितलं, म्हणून लिहिते. मायना असा का, ते खाली आहे.

मी गोंदण काढायचं नाही असं बजावलं होतं आणि ती बरं म्हणाली होती. मार्चच्या सुरुवातीला मी दोन दिवस बीडला गेले. तेवढ्यात ती गल्लीतल्या छबुबाईला घेऊन बाजारात गेली. तिथे कपड्याच्या पालाखाली एक माणूस गोंदण काढून देतो म्हणून बसतो. त्याने पाच ठिपक्यांवर कापसाने कसलंसं औषध लावलं आणि धुवायचं नाही असं सांगितलं. छबुबाई म्हणते की तिने चेहराही वाकडा केला नाही, उलट त्याला विचारलं की आता फोटुत दिसायचं न्हाई ना.

मी आले तेव्हा कपाळाचं कातडं भाजल्यासारखं सुटलं होतं. पुढे पू झाला, सूज खाली पसरून उजवा डोळा बंद झाला. तिला बीडला सरकारी दवाखान्यात ठेवलं. डोळा वाचला. ठिपके गेले. त्यांच्या जागी कपाळावर तळहाताएवढा गुलाबी, चकचकीत डाग आहे. तिथे आता कुंकू लावायचं म्हटलं तरी कातडी सोसणार नाही, आणि तिला तर लावायचंच नाही.

शेवटची पट्टी काढली त्याच दिवशी पोस्टमनने प्रियदर्शनीचं पत्र दिलं. तुमची आई समोर बसली होती. तिकडचं तिकीट ओळखून तिने विचारलं, मला कवा बोलावलंय? मी वाचायला सुरुवात केली. पुढे काय आहे ते दिसल्यावर थांबता आलं असतं. मी थांबले नाही. तिच्या घरचं पत्र आहे, ऐकायचा हक्क तिचा. हे आईंना वाचून दाखवू नका, पाया पडते, हेही वाचलं. पट्टी बघायला आलेली छबुबाई मधेच म्हणाली की बाई, तुमाला काळीज हाय का न्हाई, बस करा. मी शेवटपर्यंत वाचलं.

तिने एकच वाक्य पुन्हा वाचायला लावलं. ती आमची कोणी नाही. मग विचारलं, बापू हे मराठीत बोलला का विंग्रजीत? मी म्हटलं, इंग्रजीत बोलला असणार. ती थोडी सावरून बसली आणि म्हणाली की मग विंग्रजीत त्याचा दुसरा काही अर्थ व्हत असंल, वन्सं. तुमी शिकलेल्या हाव, बघा बरं. मी इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली आहे. दुसरा अर्थ होत नाही, असं मी तिला सांगितलं.

तिने कपाळाला हात लावून पाहिला. मग तिने नाव घेतलं. अमरसिंह गहिनीनाथ सांगळे. तिच्या तोंडून माझ्या भावाचं नाव मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. अडखळली नाही, पदर पुढे ओढला नाही. तहसीलमध्ये पुकारतात तसं घेतलं. म्हणाली की परक्या मानसाचं नाव घ्यायला काय व्हतंय? त्या नावानं लिहा. बापू लिहू नका.

रविवारचा फोन करू नका. मोबाइल तिने छबुबाईच्या नातीला देऊन टाकला. तुमचा फेट्यातला फोटो त्यातच आहे. पोरगी तो सगळ्यांना दाखवते आणि हा कोण असं विचारते. तुमची आई तिथेच बसलेली असते. आमच्या वळखीचा न्हाई, म्हणते.

नवा अर्ज करायचा नाही. पासपोर्ट मी कपाटात कुलपात ठेवला आहे. त्यातला फोटो आता तिचा राहिलेला नाही, तेव्हा तुमच्या खिडकीवाल्यांना या खेपेला तिची ओळख पटवता येणार नाही, आणि ते बरोबरच असेल.

सुनेवर तिचा राग नाही. तुमच्या पत्नीने खरं लिहिलं, उशिरा लिहिलं, पण लिहिलं. रात्रीचा डोळा दुखत असतानाही तुमच्या आईने बाळंतपणाचं सगळं स्वतः भाजलं, कुटलं आणि बांधलं. मी मदतीला हात लावला तर म्हणाली की वन्सं, तुमी वाचायचं काम करा.

लोभाची देवाणघेवाण या पत्राने बंद होते.

वनमाला

आज अशफाक जलालुद्दीन शेख, राहणार पाटोदा, याच्याकडे सुपूर्द केलं ते: डिंकाचे लाडू, एक डबा. भाजलेला ओवा आणि बाळंतशेप, दोन पुड्या. सुंठ, एक पुडी. धुवट सुताची दुपटी, चार. काजळाची डबी, एक. चांदीचे वाळे, एक जोड. हे सर्व सौ. प्रियदर्शनी यांच्याच हाती द्यायचं आहे. दारात दुसरं कोणी आलं तर परत आणायचं आहे. अमरसिंह गहिनीनाथ सांगळे यांच्यासाठी काही दिलेलं नाही.

मोजून घेतलं. अशफाक.